दोघांनी पाहिलेला पक्षी

त्या दिवशी थंडी सरली होती, ऊन अजून कोवळं होतं आणि वारा इतका मंद, की वाटेवरच्या झाडांची नवी पालवी जराशी हलल्यासारखं करून पुन्हा गप्प होई. अशा हवेत शेजारच्या कंपाउंडरांनी मला अभयारण्याच्या पाणथळावर पाखरं मोजायला नेलं. त्यांचा नेहमीचा सोबती आजारी होता, आणि तिथला नियम असा, की दोघांनी पाहिलं तरच पाखरू वहीत लिहायचं.

मला नाही म्हणवेना. माझा डावा डोळा मोतीबिंदूनं पांढरा झाला होता, उजव्यातही धुकंच. सुनेला कळलं तर ती मला एकट्याला उंबऱ्याबाहेर सोडणार नाही, म्हणून सहा महिने मी काळा चष्मा लावून फिरत होतो.

मचाणावर बसून कंपाउंडर दुर्बिणीतून विचारत, "काका, ती बदकं दिसली?"

"दिसली की."

"नऊच ना?"

"नऊच."

"घारीची नजर हो तुमची! आम्ही आपले बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून डोळे घालवले."

त्या कौतुकानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांना संशय येऊ नये म्हणून मीच लव्हाळ्याकडे बोट केलं. "तो बघा. उंच, राखाडी, एका पायावर." तिथं मला हिरव्या धुक्याशिवाय काहीच दिसत नव्हतं.

कंपाउंडर बराच वेळ दुर्बीण फिरवीत राहिले. मग चाचरत म्हणाले, "हो... आहे खरा," आणि माझ्याकडे न बघता त्यांनी तो वहीत लिहिला. असं 'हो' कसं निघतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

परतताना कोरड्या पायवाटेवर आमच्या मागून कुणी ओल्या पायांनी येत असल्यासारखा आवाज होत होता. मी वळलो नाही. तेही वळले नाहीत.

रात्रभर लाज टोचत राहिली. अक्षरशत्रू माणूस मी, पण कुणाच्या वहीत खोटं घालायचं म्हणजे काय, एवढं कळतं. सकाळी चष्मा चढवला, सगळं कबूल करायचं ठरवून कुंपणाशी गेलो आणि हाक मारली.

कंपाउंडर आले, पण माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या खांद्यावरून, माझ्या घराच्या पायरीकडे पाहत होते.

"हळू बोला, काका, वळू नका," ते पुटपुटले. "कालचा तो तुमच्या पायरीवर उभा आहे. पण त्याचा डावा डोळा असा पांढरा का हो?"