मी चिमटीसाठी पाहत होतो

मी एक जुना आणि आता बहुतेक मेलेला मेंदूचा तुकडा आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. पण आजवर तुम्ही जे जे पाहिलेत, ते माझ्यासारख्याच कुणीतरी तुम्हाला दाखवले आहे. झोपताना डोके उशीला जिथे टेकते ना, तिथे कवटीच्या आत माझे घर आहे. पुस्तकांत मला दृष्टिकेंद्र म्हणतात. ज्या बाईच्या डोक्यात मी राहतो, तिला सगळे चिमटी म्हणत. ते नाव तिला कामावरून पडले. ते काम मी पुढे सांगतोच.

लोकांना वाटते की डोळे पाहतात. डोळे बिचारे हमाल आहेत. बाहेरचा उजेड उचलायचा आणि मागे माझ्या दारात आणून टाकायचा, एवढेच त्यांचे काम. येतो तो माल म्हणजे चित्र नसतेच, नुसती चमचम असते. डावीकडचे जग माझ्या उजव्या भागात येते आणि उजवीकडचे डाव्या भागात. माझ्या पेशी भलत्या हट्टी. एकीला फक्त उभी रेघ कळते, दुसरीला फक्त तिरकी. आडवी रेघ आली तर उभीवाली ढुंकूनही पाहत नाही. अशा असंख्य हट्टी पेशींकडून मी रेघा जमवतो, रेघांच्या कडा करतो, आणि पुढे दोन वाटांनी बातमी धाडतो. खालच्या वाटेवरचे सांगतात, हे काय आहे. वरच्या वाटेवरचे सांगतात, ते कुठे आहे आणि हात कसा न्यायचा. प्रत्येक डोळ्यात एक जागा अशी असते की तिथे काहीच दिसत नाही. ते भोक मी आजूबाजूचे बघून इतके बेमालूम बुजवतो की मालकिणीला कधी शंकाही येत नाही.

आम्हा मेंदूतल्या लोकांत दयामाया नसते, हेही सांगून ठेवतो. चिमटी तान्ही होती तेव्हा तिला सगळे धूसर दिसे. आईचा चेहरा जवळ येई, दूर जाई, आणि त्यावरच मी शिकत गेलो. त्या वयात ज्या पेशीला काम मिळत नाही, तिची जागा शेजारीण बळकावते आणि मग परत देत नाही. मीही पुष्कळ जागा अशाच बळकावून मोठा झालो.

चिमटी लग्न होऊन सासरी आली. घरात नवरा आणि नवऱ्याची बहीण, एवढेच. नणंदेला ती ताई म्हणे. जवळच अंडी उबवणी केंद्र होते, तिथे चिमटीला काम मिळाले. एका दिवसाची कोंबडीची पिल्ले तिच्यापुढे सरकत्या पट्ट्यावरून येत. दोन बोटांच्या चिमटीत पिल्लू उचलायचे, पंख उलगडायचा आणि पिसे पाहायची. पिसांच्या दोन ओळी लांब-आखूड असल्या तर मादी, सारख्या असल्या तर नर. मादी उजवीकडच्या टोपलीत. नर डावीकडच्या घसरगुंडीवर. ती घसरगुंडी भरडण्याच्या यंत्रात उतरत असे, कारण नर अंडी देत नाहीत.

सुरुवातीला चिमटी अडखळे. मग मी त्या पिसांच्या रेघांमध्ये इतका तयार झालो की पंख पुरता उलगडायच्या आत माझा निकाल लागलेला असे. तिला विचारले तर सांगताही येत नसे की तिला कसे कळले. तिथला मुकादम पाहुण्यांना मुद्दाम तिच्यापाशी आणून उभा करी.

"बघा, बघा! हिचे हात बघा. चूक नाही म्हणजे नाही!"

पाहुणे वाहवा करत. चिमटी लाजून हसे आणि तिचे हात चालूच राहत. मित्रांनो, कौतुक हातांचे होई, पण ते माझेच होते, आणि मला ते फार आवडे. पिल्ले चिवचिवत येत. मी पाहत असे आणि त्यांतली निम्मी कमी होत.

एकदा कामाची पाळी संपत आली असताना बायका फरशी धूत होत्या. फुटक्या टरफलांचा राडा पायाखाली होता. चिमटी भरलेली टोपली उचलून वळली, तिचा पाय सरकला आणि ती उताणी पडली. मागे लोखंडी ढकलगाडी होती. तिची कड बरोबर माझ्यावर बसली.

मुकादम धावत आला. "अरे, टोपली! माद्यांची टोपली सांडली! पायाखाली येतील, आधी पिल्लं गोळा करा!" बायकांनी पिल्ले गोळा केली. मग चिमटीला उठवले.

तिच्या केसांत रक्त फारसे नव्हते. रक्त आत होते, माझ्या दोन्ही भागांत. उभी रेघ ओळखणाऱ्या गेल्या, तिरकीवाल्या गेल्या, रंगांच्या गेल्या. कडेकडेला थोड्या उरल्या. चिमटी डोळे टक्क उघडे ठेवून म्हणाली, "अगं बायांनो, दिवे का घालवलेत?"

दिवे चालू होते.

नवऱ्याने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. दवाखाना गच्च भरलेला. डॉक्टरने बॅटरीचा झोत टाकला तशी तिची बाहुली आखडली. ते काम माझ्याकडे कधीच नव्हते, ते मेंदूच्या तळाशी होते. डॉक्टरने भिंगातून पाहिले आणि तो म्हणाला, "डोळे ठणठणीत आहेत. घरात काही कटकट आहे का? बायका कधी कधी मनाला लावून घेतात."

घरी पोचल्यावर चपला काढता काढता नवरा म्हणाला, "ऐकलंस ना? ठणठणीत."

"अहो, पण मला खरंच दिसत नाही हो."

"डॉक्टरला जास्त कळतं का तुला?"

आता मला खालच्या म्हाताऱ्याविषयी सांगितले पाहिजे. मेंदूच्या अगदी आत, माझ्याही फार आधीपासूनचा एक पाहणारा राहतो. बेडूक त्याच्याच जिवावर माशी पकडतो. डोळ्यांचा थोडा माल थेट त्याच्याकडे आणि त्याच्या जुन्या वाटांवर जातो. तो जे पाहतो ते फक्त हातापायांना सांगतो, मालकिणीला नाही. मी धडधाकट होतो तोवर त्याला कुणी विचारत नव्हते. आता मी पडलो आणि तो एकटाच कामाला लागला. त्याने चिमटीला वाचवायला हवे होते. पण तिचा घात झाला तो त्याच्याच मदतीने.

ताईला संशय होताच. चिमटी मोरीकडे निघाली की ती गुपचूप वाटेत स्टूल सरकवून ठेवी. चिमटी सरळ येई, स्टुलापाशी तिचे पाऊल आपोआप बाजूला पडे, आणि ती वळसा घालून पुढे जाई.

"दादा, ये बघायला!" ताई ओरडली. "बघ तुझी आंधळी! चिमटे, स्टूल कसं गं चुकवलंस?"

"कुठलं स्टूल?" चिमटीने विचारले.

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. नवरा हसला नाही. तो जवळ आला आणि त्याने तिच्या तोंडासमोर एकदम हात उगारला. चिमटीची मान झटकन मागे गेली. का गेली ते तिला ठाऊक नव्हते. त्याला मात्र हवा तो पुरावा मिळाला होता, आणि या वेळी उगारलेला हात खाली आला तो तिच्या गालावर.

"सोंगाडी," तो म्हणाला. "उद्यापासून कामावर जायचं. पिल्लं समोर आली की आपोआप दिसेल."

ती गेली. मुकादमाने तिला जुन्या जागी बसवले. पट्टा सुरू झाला. पहिले पिल्लू हाताशी आले तेव्हा चिमटीने पंख उलगडला आणि वाट पाहिली. ती माझीच वाट पाहत होती, मित्रांनो. मी काहीच पाठवले नाही. पाठवायला माझ्याकडे काही नव्हते. म्हाताऱ्याला स्टूल कळते, उगारलेला हात कळतो. पिसांच्या नाजूक ओळी त्याच्या आवाक्यातल्या नाहीत. पट्टा थांबत नव्हता. मागून पिल्ले येऊन तिच्या मनगटांवर चढू लागली, तशी ती अंदाजाने टाकू लागली. हे इकडे, ते तिकडे.

"अगं, मादी होती ती!" शेजारची बाई किंचाळली. "हीसुद्धा मादी! काय करतेस काय?"

चिमटीचा हात घसरगुंडीच्या तोंडाशी थांबला. हातात एक पिल्लू होते. नर की मादी, तिला माहीत नव्हते. तिने ते पदराखाली धरले आणि ती उठून उभी राहिली.

"मी नाही टाकणार," ती म्हणाली. "मला दिसत नाही."

मुकादमाने पदराखालून पिल्लू काढून घेतले, पंख पाहिला आणि ते घसरगुंडीवर सोडले. "नरच होतं," तो म्हणाला. "बाई, घरी जा."

त्यानंतर आणखी एक झाले. माझ्या कडेला ज्या थोड्या पेशी उरल्या होत्या, त्यांना बाहेरून काहीच माल येईना. उपाशी पेशी शांत बसत नाहीत. त्या आपल्याच मनाने पेटू लागल्या आणि जे त्यांना पाठ होते तेच काढू लागल्या. चिमटीला पिल्ले दिसू लागली. ताटात पिल्ले, पांघरुणावर पिल्ले, नवऱ्याच्या खांद्यावर रांगेने बसलेली पिल्ले. पिवळीधमक, आणि जराही आवाज न करणारी. हात लावायला जावे तर काही नाही.

ती ताईला म्हणाली, "ताई, हळू बसा. पिल्लं आहेत खाली."

"स्टूल दिसत नाही आणि पिल्लं दिसतात!" ताईने कपाळावर हात मारला. "दादा, हिला आता वेड्यांच्या डॉक्टरकडे ने बाबा. मी तर हात टेकले."

त्या डॉक्टरने मात्र चिमटीचे सगळे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवले. तिथे तिच्या डोक्याचे आतले फोटो निघाले. बाईंनी फोटो उजेडासमोर धरला. दोन्ही बाजूंना काळे डाग होते. तो मी.

"डोळे चांगले आहेत," बाई म्हणाल्या, "पण पाहणारा भाग गेलाय. यांना खरोखरच दिसत नाही. तो परत येणारही नाही."

ताई खाली पाहू लागली. चिमटीने नवऱ्याच्या आवाजाकडे तोंड वळवले आणि ती थांबून राहिली. आता तो काहीतरी बोलेल, असे तिला वाटत होते.

तो बोलला. "म्हणजे हे कायमचं? सोंग होतं तेव्हा निदान ते संपेल तरी असं वाटत होतं."

स्टुलाची गोष्ट ऐकून डॉक्टरीणबाई मात्र फुलून आल्या. असा रोगी त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी शिकणारे डॉक्टर गोळा केले, दवाखान्याच्या लांब बोळात खुर्च्या, खोकी आणि एक बादली वेडीवाकडी मांडली आणि चिमटीला टोकाशी आणले. "सरळ चालत या. वाट मोकळी आहे," असे तिला सांगितले.

चिमटी चालली. खुर्चीपाशी डावीकडे झाली, खोक्यापाशी उजवीकडे, बादलीला तर तिने अंग चोरून वळसा घातला. म्हाताऱ्याने आपले सगळे कसब पणाला लावले होते. ती शेवटाला पोचली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

"टाळ्या कशाला?" चिमटीने विचारले.

"ते आत्ता सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "सांगितलं तर प्रयोग बिघडेल. अजून एकदा चालाल?"

नवरा दारातून पाहत होता. त्याचा चेहरा उजळला होता. "डॉक्टर, म्हणजे हिला झाडलोट, धुणीभांडी जमेल की!"

"पाय वाट काढतात एवढंच, बारीक काही त्यांना कळत नाही," असे बाई सांगू लागल्या, पण तो ऐकत नव्हता. ताईला तो कामांची नावे घेऊन दाखवत होता.

चिमटी बोळाच्या मधोमध खाली बसली. मांडी घालून, पदर आवरून.

"उठा हो, एकदाच," बाई म्हणाल्या.

"अगं, ऊठ. लोक बघतायत," नवरा म्हणाला.

"बघू देत," चिमटी म्हणाली. "मी पडले त्या दिवसापासून सांगतेय. डॉक्टरांनी फोटोला सांगितलं, तुम्ही एकमेकांना सांगितलंत. माझ्याशी कुणी बोललंच नाही. तुमच्यापैकी एकानं मला म्हणा की चिमटे, तुला दिसत नाही. मग मी उठेन."

शिकणारे डॉक्टर बाईंकडे पाहू लागले. बाईंनी घड्याळ पाहिले. नवरा म्हणाला, "मी रिक्षा बघतो," आणि निघून गेला. त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली उतरत गेला.

बऱ्याच वेळाने ताई तिच्यासमोर उकिडवी बसली. "चिमटे," ती हळूच म्हणाली, "तुला दिसत नाही." मग लगेच उभी राहून म्हणाली, "चल, ऊठ आता. उशीर होतोय."

चिमटी उठली. तिला तेवढे पुरले. नसते पुरले तरी दुसरे काही मिळणार नव्हते.

मित्रांनो, आता मी बहुतेक गप्पच असतो. तुमचा पाहणारा मात्र अजून जागा आहे. डोक्यामागे हात लावा, तो तिथेच आहे. त्याला आदळआपटीपासून जपा, कारण तो एकदा गेला की त्याच्या जागी दुसरा येत नाही. आणि कधी कुणी उघड्या, नितळ डोळ्यांनी तुमच्याकडे तोंड करून म्हणाले की मला दिसत नाही, तर त्याची परीक्षा घेऊ नका. त्याला विचारा, "कुठं जायचंय तुम्हाला?" आमच्या घरात हे चिमटीला अजून कुणी विचारलेले नाही.