खालची ओळ

मित्रांनो, माझी दोरी सोडणार असाल तर जरा जपून सोडा. माझ्या अंगाला आता भेगा पडल्या आहेत आणि उलगडताना काळे पोपडे गळतात. मी एक गुंडाळीचा फळा आहे, तोही जुना. शाळेच्या भिंतीवर पक्के बसवलेले फळे तुम्ही रोज पाहता, ते माझे थोरले भाऊ. त्यांना आयुष्यभर एका जागी उभे राहायला मिळाले. मला मात्र काखोटीला मारून कलकत्ताभर हिंडवले गेले. फार दमलो आहे मी. पण विचारलेच आहे तुम्ही, तर सांगतो.

माझा जन्म हावड्याचा. तिथल्या एका बोळातल्या कारखान्यात जाड कापडावर काळ्या रंगाचे थर चढवत, आणि प्रत्येक थर वाळला की काचकागदाने घासत. त्या घासण्याची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो. मग वर आणि खाली लाकडी दांडे ठोकले, दोरी बांधली आणि मला एका कोपऱ्यात उभे केले. मला वाटले होते, मी एखाद्या मोठ्या शाळेत जाईन. प्रत्यक्षात मला विकत घेतले ते भालचंद्र आठल्ये मास्तरांनी. ही गोष्ट एकोणीसशे सदुसष्टची.

मास्तर जन्माने कलकत्त्याचे. त्यांचे वडील छापखान्यातल्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. मास्तर सकाळी एका शाळेत इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी घरोघर जाऊन शिकवण्या करत. त्यांच्याकडे शिकणारी मुले बहुतेक बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांतली असत. कुणाचे वडील बँकेत, कुणाचे रेल्वेत, कुणाचे केंद्र सरकारच्या कचेरीत. चार गावचे पाणी प्यालेली ही मुले. त्यांचे इंग्रजी कच्चे होते आणि मराठी त्याहून कच्चे.

मास्तरांची शिकवण्याची एक पद्धत होती. माझ्या वरच्या बाजूला ते एक इंग्रजी वाक्प्रचार लिहीत आणि खालची बाजू कोरी ठेवत. कुणी शब्दाला शब्द जोडून अर्थ सांगू लागले की ते कपाळाला हात लावत. फोर्ट विल्यममधल्या एका लष्करी अधिकाऱ्याची मुलगी होती, लीना. मास्तरांनी 'टू पुल समवन्स लेग' लिहिले तेव्हा ती चटकन म्हणाली, "सर, पाय ओढणे!"

मास्तर खो खो हसले. "अगं, आपल्याकडे पाय ओढतात ते वर चढणाऱ्याला खाली पाडायला. यांचं लेग पुल करणं म्हणजे नुसती थट्टा. एखाद्याची गंमत केली, टोपी उडवली, तसं."

"पण सर, मी तर टोपी घालतच नाही," लीना गंभीरपणे म्हणाली. "मी मम्मीला पूछून येऊ?"

"जा, जा. आईलाच विचार. आणि पूछून नको, विचारून ये!"

मास्तर मुलांना सांगत, की शब्दांच्या मागे धावू नका. तसाच प्रसंग आपल्या घरात आला, तर आपले माणूस काय बोलेल ते शोधा. ते सापडले की मास्तर ते खाली लिहीत. वर इंग्रजी आणि खाली मराठी अशा दोन ओळी अंगावर घेऊन मी अनेक घरांच्या भिंतींना लटकलो. लोक मास्तरांचे कौतुक करत. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मला स्टेजवर टांगून मुलांची स्पर्धा घेतली, तेव्हा टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मला कुणी पुसलेसुद्धा नाही. म्हणजे, तेवढे एकच केले, फडक्याने पुसले.

पण मित्रांनो, त्या टाळ्यांतल्या निम्म्या खरे तर दुसऱ्याच माणसाच्या होत्या. खालची ओळ मास्तरांची नव्हतीच. ती लीलाबाईंची होती, म्हणजे मास्तरांच्या पत्नीची. मास्तरांचे मराठी शुद्ध होते, पण अळणी. लीलाबाई लग्न होऊन कोकणातून इथे आल्या, त्या येताना म्हणींचे पोतेच घेऊन आल्या होत्या. शिकवणीला निघण्याआधी मास्तर भवानीपूरच्या घरात मला खुंटीला लावत, वरची ओळ लिहीत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत.

"अगं, घोडा चोरीला गेल्यावर तबेल्याला कुलूप घालतात. त्याला आपल्यात काय म्हणतात?"

"बैल गेला आणि झोपा केला."

"झोपा? म्हणजे झोप काढली?"

"अहो, झोपा म्हणजे गोठ्याचं दार! कठीण आहे बाई तुमचं. मास्तर कुणी केलं तुम्हाला?"

मास्तर मिटक्या मारत हसत. 'बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी' आले की आतून 'इकडे आड, तिकडे विहीर' यायचे. दोन स्टुलांच्या मधे पडणाऱ्या इंग्रजी माणसासाठी लीलाबाईंनी 'तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं' दिले, तेव्हा मास्तरांनी आनंदाने खडूच मोडला. माझ्या कंटाळवाण्या आयुष्यात ती पाच-दहा मिनिटे बरी असत. त्या दोघांचे सगळे बोलणे, रुसणे, लाडीगोडी त्यातच चालायची.

सत्तर सालच्या थंडीत एका सकाळी चहाचे आधण ठेवताना लीलाबाई कोसळल्या. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आल्या तेव्हा त्यांना सगळे समजत होते. पण बोलायला तोंड उघडले की "हे... हे..." एवढेच यायचे. पाणी हवे असले तरी डाव्या हाताने भांडे दाखवावे लागे. मुलगी स्मिता कॉलेज बुडवून त्यांच्याजवळ बसू लागली.

मास्तरांना शिकवणीला जाणे भाग होते. एका दुपारी त्यांनी माझ्यावर 'आऊट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायर' लिहिले आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळले. तिथे कुणी नव्हते. ते स्वतःशीच पुटपुटले, "आगीतून..."

"फुफाट्यात," कॉटवरून आवाज आला.

स्मिताच्या हातातली पेजेची वाटी कलंडली. मास्तर धावत कॉटजवळ गेले. "इकडे आड?" त्यांनी विचारले. "तिकडे विहीर," लीलाबाई म्हणाल्या आणि स्वतःच चकित झाल्या. त्या दिवशी घरात दिवाळी होती.

डॉक्टर बंगाली होते, मोठा भला माणूस. त्यांनी समजावून सांगितले, की जे शब्द हजारदा बोलून जिभेवर बसले आहेत, ते एकसंध बाहेर येतात. स्वतःच्या मनातले वाक्य जुळवणे निराळे. ते येईल किंवा येणारही नाही. पण त्यांना दमवू नका. मास्तरांनी यातले शेवटचे वाक्य ऐकलेच नाही.

मग माझे खरे हाल सुरू झाले. रोज शिकवण्यांहून परतल्यावर मास्तर मला कॉटसमोर टांगत. वर इंग्रजी लिहीत, निम्मी म्हण स्वतः म्हणत आणि उरलेली लीलाबाईंकडून म्हणवून घेत. "नाचता येईना?" "अंगण वाकडे." "उथळ पाण्याला?" "खळखळाट फार." एक झाली की दुसरी. माझ्यावर खडूचे थरावर थर चढले. लीलाबाईंचा घसा सुके, डोळे मिटू लागत. मास्तर थांबत नसत. पुढे तर ते आपल्या जुन्या धंद्यावरच आले. "आता वाक्यात उपयोग कर. हं, कर. छोटंसं वाक्य चालेल."

लीलाबाईंचे ओठ हलायचे. "हे... हे..."

"प्रयत्न कर ना. कालची म्हण घे."

एका संध्याकाळी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले आणि त्या रडू लागल्या. स्मिताने मास्तरांच्या हातातला खडू काढून घेतला.

"बाबा, बास! आई काय तुमची विद्यार्थिनी आहे? तिला परीक्षेला बसवायचंय का?"

मास्तर खुर्चीत मटकन बसले. "मला दुसरं काय येतं गं?" ते म्हणाले. "माझ्यासमोर ती म्हणी म्हणते, पण त्या पोपटपंचीच्या. माझ्याशी म्हणून एक शब्द बोलली नाही. उरलेलं आयुष्य असंच जायचं का? मला भीती वाटते, स्मिता."

एवढा शिकलेला माणूस, पण त्याला भीती घालवायला शिकवणीशिवाय दुसरा उपाय ठाऊक नव्हता. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. त्या दिवसानंतर त्यांनी मला घरात टांगणे बंद केले. शिकवणीला मात्र मी जात होतो. आता मास्तर वरची ओळ लिहीत आणि खाली नुसता अर्थ लिहीत, पुस्तकातल्यासारखा कोरडा. कधी तेही नाही. मुलांना काही कळले नसेल. मला कळत होते.

शहराचेही दिवस वाईट होते, नक्षलवाद्यांची धामधूम चालू होती. आज बंद, उद्या बॉम्ब, परवा ट्राम जाळली. पुढच्या वर्षी एका दुपारी आम्ही सियालदहकडची रेल्वेतल्या एका साहेबांकडची शिकवणी आटोपून निघालो, तेव्हा पोलिसांनी अख्ख्या मोहल्ल्याला वेढा घातला होता. दिसेल त्या पुरुषाला भिंतीशी उभे करत होते. मास्तरांच्या काखेत मी, लांबलचक, कापडाने गुंडाळलेला. एका शिपायाने मला हिसकावून घेतले.

"एटा की?"

"ब्लॅकबोर्ड. आमि मास्टर," मास्तर म्हणाले.

त्याचा विश्वास बसला नाही. मला रस्त्यावर उलगडले, दांडे ठोकून पाहिले, आत काही लपवले आहे का म्हणून काठाची शिवण उसवली. त्या झटापटीत मास्तरांचा चष्मा पडून एक काच तडकली. पोलिसांचा साहेब येईपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवले. साहेब आला तो पार दिवस कलल्यावर. त्याने मास्तरांचे पिकलेले केस पाहिले आणि हातानेच जा म्हटले. ट्राम बंद होत्या, बस नव्हती. सियालदहपासून भवानीपूरपर्यंत मास्तर मला छातीशी धरून चालत आले. त्यांचे पाय ओढत होते आणि माझा फाटका काठ फरफटत होता.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दिवे गेलेले असल्यामुळे स्मिताने मेणबत्ती लावली होती. दार उघडताच ती ओरडली, "बाबा, होतात कुठे? रेडिओवर तिकडची बातमी ऐकली आणि आई खिडकीशी बसली, ती हलली नाही. जेवलीसुद्धा नाही."

"पोलिसांनी अडवलं होतं. काही झालं नाही मला," मास्तर म्हणाले.

लीलाबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. मास्तर जवळ गेले तसा त्यांनी डावा हात पुढे केला. मास्तरांची बाही चाचपली, मनगट चाचपले, तडकलेल्या चष्म्याला बोट लावून पाहिले. त्यांचे ओठ हलू लागले. एरवी मास्तरांनी लगेच निम्मी म्हण पुढे केली असती. त्या दिवशी ते इतके थकले होते, की नुसते उभे राहिले.

"अहो," लीलाबाई म्हणाल्या.

मास्तरांच्या हातातून मी खाली पडलो.

"जीव..." त्या थांबल्या. त्यांच्या कपाळावरची शीर ताठली. स्मिता काही बोलणार होती, तिने पदर तोंडाशी धरला. "जीव टांगणीला लागला... माझा."

निम्मी म्हण कुणी हातात दिली नव्हती. वाक्य जुळवायला कुणी सांगितले नव्हते. त्यात 'माझा' हा शब्द होता, आणि तो कुठल्याही पुस्तकात तसा, त्या जागी, छापलेला नसतो.

त्या ओळीच्या वर काय लिहायचे, ते मास्तरांना पक्के ठाऊक होते. 'ऑन टेंटरहुक्स' त्यांनी माझ्यावर कितीदा तरी लिहिले असेल. मी जमिनीवर पसरलो होतो, खडू त्यांच्या खिशातच होता. पण त्यांनी तो काढला नाही. ते लीलाबाईंच्या पायाशी बसले, त्यांच्या मांडीवर डोके टेकले आणि म्हणाले, "आलो गं. आलो मी."

लीलाबाई त्यानंतर घडाघडा बोलू लागल्या, असे खोटे मी सांगणार नाही. कधी दोन शब्द, कधी चार, कधी दिवसभर काहीच नाही. मास्तर वाट पाहायला शिकले, एवढेच. माझी उसवलेली शिवण स्मिताने घातली, पण रंग परत कुणी दिला नाही. आता मी कपाटामागे उभा असतो. झुरळे माझ्यात शिरतात. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. थोडी आहे.

मित्रांनो, तुम्ही वाक्प्रचार जरूर पाठ करा. इंग्रजी करा, मराठी करा, अर्थ समजून घ्या. वापरून झालेला फळा ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, उन्हात टाकू नका, आमचा रंग उडतो. पण तुमच्या घरात कुणी दुखण्याने, वयाने किंवा नुसते थकून गप्प झाले असेल, तर त्याच्यासमोर फळा टांगू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. उत्तर आले नाही तरी बसून राहा. आणि घरी कुणी तुमची वाट पाहत असेल, तर आता मला गुंडाळा, दोरी बांधा आणि निघा. अंधार पडायला लागला आहे.