परसातलं हळदकुंकू

मित्रांनो, मी हळदकुंकवाचं एक जुनं झुडूप आहे. पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावात, मालोजींच्या परसात, धुण्याच्या दगडाशेजारी मी उभा आहे. माझी फुलं लाल आणि पिवळी, म्हणून लोकांनी मला हे नाव दिलं. पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो विषारी असतो, त्यामुळे गुरं मला तोंड लावत नाहीत.

माझं बी आनंदीबाईंनी त्यांच्या माहेराहून, नाते गावाहून आणलं. त्या मालोजींच्या पत्नी. धुण्याचं शेवटचं पाणी माझ्याकडे वळवून त्यांनी मला वाढवलं.

पाऊस सरत आला तेव्हा माझ्यावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या आल्या. त्यांनी माझी पानं खाल्ली, मग कोवळे शेंडे खाल्ले. माझ्या नुसत्या काड्या उरल्या. आनंदीबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. काही दिवसांनी दगडाच्या कडेला हिरवे कोष लटकले आणि त्यांतून काळ्या काठांची नारिंगी फुलपाखरं निघाली.

"अहो, या ना जरा इकडं!" त्या हाक मारायच्या.

"आलो," मालोजी ओटीवरून म्हणायचे. पण ते शेतावर निघून जायचे.

गेल्या वर्षी आनंदीबाई आजारपणात गेल्या. त्यानंतर मालोजी रोज परसात येऊ लागले. घरात बाकी सगळं पडून राहिलं, पण माझं पाणी चुकलं नाही. शेणखतही मिळालं. मग पुन्हा अळ्या आल्या आणि मालोजी घाबरले.

"हिचं झाड खाऊन टाकतायत," ते स्वतःशीच म्हणाले.

भातावर सुरळीची अळी पडली की इकडे दोन माणसं दोर धरून पिकावरून ओढत नेतात. अळ्या खालच्या पाण्यात पडतात. मालोजींनी तेच केलं. माझ्याखाली पाण्याचं घमेलं ठेवलं आणि दोर फांद्यांवरून फिरवला. पडलेल्या अळ्या कोंबड्यांपुढे टाकल्या, तर कोंबड्यांनी एकदा चोच लावली आणि माना फिरवल्या. माझा चीक त्या अळ्यांच्या अंगात होता.

रोज सकाळी हेच चाललं. मी पानांनी भरून गेलो. येणारे-जाणारे कौतुक करू लागले. फुलपाखरं यायची, पानांखाली अंडी घालून जायची. पण माझ्यावर वाढून एकही उडालं नाही.

एक दिवस शेजारच्या सोनाबाई आल्या.

"भावजी, झाड झकास केलंत हो. पण ती नारिंगी पाखरं कुठं हायत?"

"पाखरांचं नाय म्हाईत. अळी लय पडते. मी झाडतो ना रोज."

"अळी झाडता? अगो बाय!" सोनाबाई दगडावर बसल्याच. "तीच तर पाखरू होते! आनंदीनं झाड लावलं, ते अळीनं खावं म्हणूनच."

"मला कधी बोलली नाय."

"बोलली नसंल व्हय? तुम्ही ओटीवरनं 'आलो, आलो' करणार. ऐकणार कधी?"

सोनाबाई गेल्यावर मालोजी घमेल्यापाशी बसले. बऱ्याच अळ्या बुडून मेल्या होत्या. एक अजून वळवळत होती. त्यांनी ती बोटावर घेतली, माझ्या पानावर ठेवली आणि दोर गुंडाळून बाजूला टाकला.

मित्रांनो, तुम्ही मला अंगणात लावलंत तर पाणी घाला. माझा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. पण अळी दिसली म्हणून धावून येऊ नका. पानं गेली तरी मला पुन्हा फुटतात. आणि दुसऱ्याने लावलेलं झाड सांभाळायला घेतलंत, तर ते त्याने कशासाठी लावलं होतं, तेवढं आधी विचारा.

ती अळी बराच वेळ निपचित होती. मग तिने पानाची कड कुरतडायला सुरुवात केली. उन्हं वर आली तरी मालोजी शेतावर गेले नाहीत. ते पान संपत आलं, तेव्हा त्यांनी दुसरं पान वाकवून तिच्या तोंडाशी धरलं.