वीस माणसं, साठ मेंदू

वीस माणसांच्या मेंदूचे फोटो. ध्यान शिकण्याआधी एकदा, महिन्यानं एकदा, तीन महिन्यांनी एकदा. सुकेशनीनं ते साठ वेगळ्या माणसांचे धरून हिशोब मांडला होता, आणि सकाळपासून लॅपटॉप फरक म्हणून दाखवत नव्हता. वैतागून तिनं हे सगळं आईला ऐकवलं.

आई, म्हणजे सरजाबाई, ताडकळसच्या अंगणवाडीत लेकरांची वजनं घ्यायच्या.

"एकच लेकरू तीनदा तोललं म्हणून तीन लेकरं होतेत का, बाई? ज्याचं त्याचं कार्ड कर. त्याच्याच मागच्या वजनाशी बघायचं, शेजारच्याशी न्हाई."

सुकेशनीनं प्रत्येक माणसाचे तीन फोटो एकत्र बांधले. फरक लख्ख दिसला!

"मग आई, मला बारावीपर्यंत शेजारच्या रोहिणीचे मार्क का दाखवायचीस?"

"भाकरी गार व्हायलीय," सरजाबाई उठल्या.