नमुनेदार बाई

प्राध्यापक चाओंच्या पत्राला वेईमास्तरांनी कधी उत्तरच दिलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी चाओंची माणसं डोंगरातल्या श्वै जमातीच्या गावांतून मोठ्या माणसांची अंगं मोजत हिंडली होती. कोण हडकुळं, कोण आडव्या हाडाचं, कोण चरबीचं. शाळेच्या अंगणात निळा पडदा लावून दंडाचं, पाठीचं मांस चिमट्यात धरून बघायचे. बायका हसायच्या. बाजारात डुक्कर घेतानाही असंच बघतात, पण तिथे निदान भाव तरी सांगतात, म्हणायच्या. मग आतल्या कपड्यांवर उभं करून एक फोटो. तो कपाटात राहील, असं सांगितलं होतं.

नंतर ते पत्र आलं. तुमच्या पत्नीची ठेवण या लोकांत अगदी नमुनेदार आहे, फोटो लोकांपुढे मांडू का? उत्तर आलं नाही तर होकार समजू. मास्तरांनी चार ओळी लिहिल्या, भाषा जमेना म्हणून फाडल्या, पुन्हा लिहिल्या. शेवटी ते पत्र शब्दकोशात गेलं आणि तिथेच राहिलं.

यंदा त्वान सणाच्या तोंडावर तालुक्याच्या नव्या प्रदर्शन दालनात मास्तरांच्या बायकोचा, यिनमेईचा, फोटो लागला, भिंतीएवढा. घोड्यांच्या शर्यतीला येणारी सगळी गावं तो बघणार. बहिणीने सांगितलं तशी यिनमेई तडक तिथे गेली. कारकून म्हणाला, बाई, तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा. फोटो प्राध्यापकांचा, त्यांच्या लेखी शब्दाशिवाय काढता येणार नाही. आणि त्यांनी विचारलं होतं की, तुमच्या नवऱ्याला.

घरी येऊन तिने पत्र मागितलं. अक्षरं तिला मास्तरांनीच शिकवली होती. ती ओळीखाली बोट धरून वाचत गेली.

“अंग माझं,” ती म्हणाली, “आणि विचारलं तुम्हाला?”

मास्तर म्हणाले, आत्ताच लिहितो. लिहिलंही. तिने पहिली ओळ वाचली.

“हे काय, त्यांची तब्येत विचारताय?”

“सुरुवात तशी करतात.”

“माझी तब्येत त्यांनी भिंतीवर टांगलीय, मास्तर.”

तिने कागद ओढून घेतला आणि दाबून दाबून लिहिलं: फोटो माझा आहे. मी हो म्हटलेलं नाही. काढायला लेखी सांगा. सणाच्या दिवशी तो तिथे असला तर सगळ्यांसमोर मी फाडीन. खाली स्वतःचं पूर्ण नाव.

“आता तुमचं लिहा. गप्प तुम्ही होतात, मी नव्हते.”

मास्तरांनी जुनं पत्र पुन्हा समोर घेतलं. होकार समजू. इतकी वर्षं ते आपल्या भित्रेपणाला शिव्या देत होते. हा माणूस त्याच भित्रेपणावर दुकान मांडून बसला होता, हे आज डोक्यात शिरलं आणि कानशिलं तापली. त्यांनी लिहिलं: माझं गप्प राहणं हा होकार नव्हता. आणि होकार द्यायचा हक्क मला नव्हताच. तुम्हालाही हे ठाऊक होतं.

यिनमेईने वाचलं, मान हलवली आणि दोन्ही कागद एकाच पाकिटात घातले.

टपाल कचेरीत मास्तर नेहमीसारखे रांगेबाहेर घुटमळले नाहीत. पाकीट खिडकीतून आत सरकवलं, त्यावर शिक्का बसेपर्यंत उभे राहिले, आणि मगच दोघं बाहेर पडली.