तोंडात खिळे असताना

बाबांनी मूठभर बारीक खिळे तोंडात टाकले, तसं धाकटीने दुकानाचं दार लोटून घेतलं. हीच वेळ होती. सोफ्यावर कापड चढवताना बाबा एकेक खिळा ओठांतून काढून ठोकत, आणि तेवढाच वेळ त्यांचं तोंड बंद असे.

एरवी त्या घरात कुणी कुणाला वाक्य पुरं करू देईल तर शपथ! बाबांना नुसतं 'पाणी तापलंय' म्हणावं, तर ते एकदा अख्ख्या नदीला उकळी फुटली होती तिथपासून सुरू करत. आत्याचं तर विचारूच नका. तिला एकदा ठसका लागला, तेवढ्यात तिच्या नवऱ्याने दोन वर्षांचं तुंबलेलं बोलून घेतलं म्हणे. सकाळपासून धाकटी "मला काहीतरी सांगायचंय" म्हणत मागे-मागे फिरत होती. आईने तिला चहा दिला, मग डोकेदुखीची गोळी दिली. शेवटी आत्याचाच फोन आला: संध्याकाळी तुला बघायला मुलाला घेऊन येते, केस नीट विंचरून ठेव.

"बाबा, तो मुलगा यायला नको."

"हं?"

"बोलू नका, खिळे गिळाल. नुसतं ऐका. मला हा मुलगा नको, दुसरा नको, कुठलाच नको."

बाबांनी हातोडीचा हात झटकला. म्हणजे, सगळ्याच मुली असं म्हणतात.

"हात झटकू नका! सगळ्यांसारखं नाहीये हे." धाकटीने फोमचा एक तुकडा उचलला आणि पिळायला घेतला. "तलावावर पोहायला शिकवते ना, ती. आपल्याकडे आली होती, तुम्ही तिला मगरीची गोष्ट ऐकवलीत. मला ती आवडते. मैत्रीण म्हणून नाही. तुम्हाला आई आवडते, तशी."

हातोडी वरच राहिली. मग खाली आली ती ठक् ठक् ठक्, थांबायचं नाव नाही. धाकटीही थांबेना. शाळेत असल्यापासून कळत होतं म्हणाली, पण स्वतःशीसुद्धा कबूल करायला किती वर्षं गेली. "आणि तुम्हाला सांगायचं तर तुमचं तोंड खिळ्यांनी भरायची वाट बघायची! काय घर आहे हे!"

शेवटचा खिळा ठोकून बाबा मागे सरकले. दोघांनी सोफ्याकडे पाहिलं. कापडावरची एकूण एक फुलं खाली डोकं, वर देठ करून लटकत होती.

धाकटीने कपाळावर हात मारला. "बाबा! मी इथे जीव तोडून बोलतेय, आणि तुम्ही..."

बाबांनी एक पकड तिच्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली, आणि दोघं एकेक खिळा उपटायला बसले. आता त्यांचं तोंड रिकामं होतं. धाकटी वाट बघत होती. ओरडणं चाललं असतं, मगर चालली असती, पण ही शांतता तिच्याच्याने सोसवेना.

तेवढ्यात फोन वाजला. आत्याच.

"ताई, आज येऊ नकोस. नाही, ऐक... अगं, ऐक तर... मला बोलू देशील का?" बाबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी आत्या साऱ्या दुकानाला ऐकू येत होती. "ही बाई एक वाक्य पुरं करू देईल तर ना!" ते धाकटीकडे वळून करवादले.

धाकटी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

बाबांनी नजर खाली घातली. कापडावरचा एक धागा उगाच उपटला.

"पण का नको, ते सांगशील की नाही?" फोनमधून आत्या कडाडली.

अशा 'का'ला बाबांकडे एरवी शंभर थापा तयार असत, एकीहून एक सरस. त्यांनी फोनवर तळवा दाबला आणि हळूच विचारलं, "सांगू?"

धाकटीने मान हलवली. नको.

"ताई, कारण तिचं आहे. तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. तो पुन्हा वाजायला लागला, तर गादीखाली सारला.

मग ते सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकले. तोंड उघडलं, मिटलं, हनुवटी खाजवली.

"शाळेत असल्यापासून म्हणालीस," ते म्हणाले. "मग?"