येते म्हणून गेलेल्यांची फळी

जाता जाता जरा ऐकता का? मी धक्क्यावरची फळी. बोट आली की मला तिच्या काठावर टेकवतात आणि माणसं माझ्यावरून ये-जा करतात. मला ना कठडा, ना पायरी. कुणी विचारलंच, "काय करतेस गं?" तर सांगेन, तुडवून घेते.

मोडीत निघालेल्या एका गलबतातून सुताराने मला काढलं. "हाडाची घट्ट आहे," म्हणाला. तेव्हा कोण आनंद झाला होता! आता कंबर गेलीय. मधोमध तडा आहे, नावाड्याने त्यावर दोरी आवळलीय. परवाच तो बायकोला सांगत होता, "सोमवारी लोखंडी जिना येतोय, कठड्यासकट. हिला फोडून चुलीत घालू." खरं सांगते, वाईट वाटण्याऐवजी हायसंच वाटलं.

माझा एक वेडेपणा सांगते. नवी होते तेव्हा माणसं निघताना "येतो हं", "येते हं" म्हणायची आणि मला ते खरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक बोटीत त्यांना शोधायचे. निघताना "जातो" म्हणायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ, हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली.

आज रविवार. सकाळच्या बोटीने एक बाई आल्या. साठीच्या, गुडघ्याला पट्टा, सोबत कुणी नाही. मला बघून थबकल्याच.

"अगं बाई, हिला धरायला काहीच नाही?"

"हात द्या, मावशी," नावाडी म्हणाला.

"नको. इतकी वर्षं ह्यांचाच हात धरून फिरले. आता मुलगी म्हणते, बाबा नाहीत, एकटीने कुठे जायचं नाही. आज पडले तर तिचंच खरं होईल."

आणि आल्या की! ओठ घट्ट मिटून, एकेक पाऊल टाकत. मग दिवसभर इथूनतिथून दिसत राहिल्या. रंगीत घरांच्या गल्लीत शिरल्या. दीपस्तंभापाशी बसून एकटीने आइस्क्रीम खाल्लं, तेही दोनदा.

संध्याकाळी ओहोटी लागली. बोट खाली गेली, मी उतरती झाले, वर ओली. नावाड्याने हात पुढे केला, बाईंनी नको म्हणून मान हलवली. नेमकी मधोमध त्यांची चप्पल सरकली आणि माझ्या तड्यातून कट्ट आवाज आला. मी स्वतःला म्हटलं, बये, उद्या खुशाल मोड, आज नाही. होतं नव्हतं ते बळ एकवटून ताठ राहिले. दोरी करकरली. बाई सावरल्या, बोटीत उतरल्या.

लगेच फोन लावला. "अगं, नाही पडले! एकटी आले, एकटी निघाले!" डोळे पुसले, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "येते गं."

बोट सुटली. मला उचलून भिंतीशी उभं केलंय. उद्या सोमवार.

बाई पुन्हा आल्या तर त्यांना सांगा, आता कठडा आहे, पण तुमचं तुम्हाला जमतं. आणि त्यांनी माझं विचारलं, तर सांगा, येते म्हणून गेली.